घराचे दर्शनी दार आणि पावसाळा

नवे घर बांधावयास काढलेला गृहस्थ दर्शनी दाराचा विचार बहुधा शेवटी करतो. पाया भरला, भिंती चढल्या, स्लॅब झाला, म्हणजे मग सुतारास बोलावून “दार चांगले भक्कम आणि शोभिवंत होऊ द्या,” असे सांगण्यात येते. उंची लाकूड येते, नक्षी कोरली जाते, पितळी कड्या बसतात, वास्तुशांतीस आलेली मंडळी वाखाणणी करितात. पुढे आषाढ लागतो. दार फुगून उंबऱ्याशी अडते आणि घरातील वृद्ध मातोश्रींना ते एकटीने उघडवत नाही. दोनचार पावसाळ्यांत खालची कड काळी पडून सांधे सुटू लागतात. ही आपत्ती टाळता येण्यासारखी आहे. मात्र तिचा विचार पाया भरण्यापूर्वीच झाला पाहिजे.

व्यापाऱ्यास माल कोरडा ठेवण्याची विद्या नव्याने शिकवावी लागत नाही. गुदामात पोती आपण फळ्यांवर रचतो आणि भिंतीपासून थोडी दूर ठेवितो. पाणी लागू द्यावयाचे नाही, आणि चुकून लागलेच तर ते लवकर सुकावे, हीच त्यातील दोन सूत्रे होत. दारालाही हीच दोन सूत्रे लागू पडतात.

आपल्या बेळगाव भागात जून ते सप्टेंबर वारा मुख्यतः पश्चिम व नैर्ऋत्य दिशांनी येतो. म्हणून त्या अंगाच्या दारास झडीचा मारा अधिक बसतो. पूर्वीच्या घरांना सोपा किंवा पडवी असे, गोव्याकडील घरांना बल्कांव असे; दार त्यांच्या आड कोरडे राही. आज पडवी गेली आणि तिच्या जागी दीडदोन फुटांचा छज्जा आला. याचा हिशेब साधा आहे. पावसाच्या धारा ४५ अंशांनी तिरप्या आल्या, तर छज्जा जितका पुढे आला असेल तितकाच त्याच्याखालचा भाग कोरडा राहतो. सात फूट उंचीच्या दारावर दोन फुटांचा छज्जा असेल, तर वरचे दोन फूट वाचतात व खालचे पाच फूट भिजतात. म्हणून शक्य तर दारापुढे चारपाच फुटांची ओसरी ठेवावी. जागा नसल्यास दार भिंतीच्या आत सरकवून दोन्ही बाजूंस आडोसा द्यावा. छज्जाच्या खालच्या अंगास, बाहेरील कडेजवळ, बोटभर रुंदीची खाच लांबवर काढून घ्यावी. छज्जाच्या पोटास चिकटून आत येणारे पाणी त्या खाचेपाशी अडून खाली गळते.

आता लाकडाकडे वळू. लाकूड हवेतील ओलावा घेते व सोडते. ओलावा घेतल्यावर ते लांबीत जवळजवळ वाढत नाही, परंतु आडव्या अंगाने फुगते. सागवानाचा हा दोष इतर अनेक लाकडांहून कमी आहे; तथापि तो आहेच. उन्हाळा व पावसाळा यांत लाकडातील ओलाव्याचे प्रमाण सहा टक्क्यांनी वाढले, तर उभ्या फळ्या जोडून केलेले ९०० मिलिमीटर रुंदीचे सागवानी दार सुमारे १० मिलिमीटरपर्यंत फुगू शकते. हेच दार चौकटबंद पॅनेलचे असेल, तर दोन्ही बाजूंच्या शंभरशंभर मिलिमीटरच्या उभ्या पट्ट्याच काय त्या रुंदीत फुगतात, म्हणजे वाढ सुमारे २ मिलिमीटरची. मधली पॅनेले खाचेत सैल बसविलेली असल्याने ती आपल्या जागी फुगतात व आक्रसतात. म्हणून पॅनेलास खाचेत सरसाने पक्के चिकटवू देऊ नये.

लाकूड वखारीतून आणताना गाभ्याचे घ्यावे. सालीलगतचे फिके लाकूड सागाचे असले तरी त्यास कीड व वाळवी लागते. ते नीट मुरलेले आहे की नाही, हे तागडी सांगते. एक तुकडा कापून तोलावा, शंभर अंशांहून किंचित अधिक उष्णतेच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत सुकवावा व पुन्हा तोलावा. ११२ ग्रॅमचा तुकडा १०० ग्रॅमवर आला, तर ओलावा १२ टक्के समजावा. दारासाठी तो या सुमाराचा असणे चांगले.

सागवान परवडत नसेल तर इतर मार्ग आहेत. फ्लश दार घ्यावयाचे झाल्यास, आत कोणता सरस वापरला आहे ते विचारावे. साध्या व्यापारी प्लायवुडमधील सरस पाण्याने सुटतो. उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या फिनॉलिक सरसाचे, आय.एस. ७१० या मानकाचे प्लायवुड बाहेर टिकाव धरते. यू.पी.व्ही.सी. दार कुजत नाही. परंतु गडद रंगाचे घेतल्यास उन्हाने तापून वाकण्याचा संभव असतो, आणि मजबुतीसाठी आत लोखंडी पट्टी असावी लागते. जस्ताचा मुलामा दिलेले पोलादी दार फुगत नाही. मात्र जस्ताचा मुलामा झिजून गेला की तेथून गंज सुरू होतो.

उत्तम दारही बसविताना बिघडते. लाकडाच्या कापलेल्या तोंडातून पाणी सर्वांत लवकर शिरते. सुतार दार बसविताना खालची कड रंधून घेतो व ती तशीच उघडी सोडतो. दार उभे राहिल्यावर ती कोणास दिसत नाही. दाराच्या सहाही अंगांस, विशेषतः वरच्या व खालच्या कडेस, रंग किंवा वॉर्निश लागले आहे हे दार टांगण्यापूर्वी स्वतः पाहून घ्यावे. बाजूंस सुमारे ३ मिलिमीटर फट ठेवावी. उंबऱ्याबाहेरील फरशी आतील फरशीहून खाली असावी व तिला बाहेरच्या बाजूस उतार असावा. दाराच्या खालच्या अंगास बाहेरून तिरकी लाकडी पट्टी लावली म्हणजे ओघळणारे पाणी उंबऱ्यापलीकडे पडते. बिजागऱ्या व स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत तर साधे लोखंड लवकर गंजते.

आणखी एक सूचना. पावसाळ्यात दार अडू लागले की लगेच रंधा मारून घेऊ नये. आषाढात रंधलेल्या दारातून फाल्गुनात उजेड दिसतो. एक कोरडा ऋतू जाऊ द्यावा, आणि त्यानंतरही दार अडत असेल तरच हात लावावा. रंधलेल्या कडेस पुन्हा वॉर्निश देण्यास मात्र विसरू नये.

नक्षीवर जे चार पैसे अधिक खर्च व्हावयाचे, ते प्रथम ओसरीवर, मुरलेल्या लाकडावर व खालच्या कडेच्या रंगावर खर्च व्हावेत, अशी आमची आपल्या बांधवांस विनंती आहे. शोभेची नक्षी पुढील वर्षीही कोरून घेता येते; स्लॅब झाल्यावर ओसरी काढावयाची म्हणजे मात्र पुन्हा नव्याने बांधकाम काढणे होय.