नाव की वस्तू? जावाचा कंट्रोलर आणि जेसन

मंडळी, मागच्या वेळी विनंती कंट्रोलरपर्यंत कशी पोहोचते ते आपण पाहिलं. आज परतीचा प्रवास. तत्त्वज्ञानाच्या मास्तरांनी यात कशाला पडावं, असं काहींनी विचारलं. पडावं, कारण इथला घोळ आमच्या जुन्या ओळखीचा आहे : नाव आणि वस्तू यांतला.

स्प्रिंगच्या साध्या ‘@कंट्रोलर’मधल्या मेथडनं ‘वाचक’ ही स्ट्रिंग परत केली, तर स्प्रिंग ते पानाचं नाव समजतं आणि त्या नावाचं टेम्प्लेट शोधायला निघतं. आम्हाला तर तेच उत्तर म्हणून द्यायचं होतं! मेथडवर ‘@रिस्पॉन्सबॉडी’ लिहिलं की गैरसमज मिटतो. स्प्रिंग 4 पासून, म्हणजे 2013 पासून, क्लासवरच ‘@रेस्टकंट्रोलर’ लिहिलं की दोन्हींचं काम होतं.

पण जावाचा ऑब्जेक्ट काही तारेवरून जात नाही, मजकूर जातो. हे रूपांतर जॅक्सन ही लायब्ररी करते. ती सहसा ऑब्जेक्टचे गेटर बघते. ‘गेटनेम’ दिसलं की जेसनमध्ये ‘नेम’ येतं. फील्ड प्रायव्हेट आणि गेटर एकही नाही, तर हाती काहीच लागत नाही. नुसती स्ट्रिंग मात्र जॅक्सनकडे जातच नाही, अवतरणचिन्हांशिवाय तशीच बाहेर पडते आणि जेसन वाचू पाहणारा अडखळतो.

आता आमची फजिती. एका छोट्या ग्रंथालयासाठी आम्ही वाचकांची यादी देणारी मेथड लिहिली. डेटाबेसमधून आलेला ऑब्जेक्ट उचलला, परत केला. पडद्यावर नुसती नावं दिसत होती, आम्ही खूश. एका विद्यार्थिनीनं ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडून दाखवला. प्रत्येक नावाबरोबर फोन, पत्ता, पासवर्डचा हॅशसुद्धा! पडद्यावर नाही म्हणजे पाठवलंच नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. असलं अनुमान वर्गात कुणी केलं असतं, तर आम्ही त्याला बाकावर उभं केलं असतं.

नको त्या फील्डवर ‘@जेसनइग्नोर’ लावता येतं. पण उद्या कुणी नवं फील्ड जोडलं, की ते पुन्हा आपोआप बाहेर जाणार. म्हणून आम्ही नाव आणि सभासद क्रमांक एवढंच असलेला वेगळा क्लास करतो. जावा 16 पासूनच्या ‘रेकॉर्ड’मुळे तो एका ओळीत होतो.

आणि वाचक सापडलाच नाही, तर 200 च्या शिक्क्यानं रिकामं जेसन पाठवू नका. ‘रिस्पॉन्सएंटिटी’तून सरळ 404 द्या. जेसनमध्ये तारखा कशा जातात, ते पुढच्या वेळी.