आजोबांच्या खेळण्यातल्या गाडीचं चाक आणि तुमचा रेट



या आठवड्याचा व्हिडिओ बघितला असेल तर शेडमधला तो छोटा लेथ आठवत असेल. बघितला नसेल तरी हरकत नाही, इथे सगळं सविस्तर लिहितोय.

आपला एक प्रेक्षक बर्मिंगहॅमला असतो. मूळचा साताऱ्याचा, आयटीत नोकरी. घरामागच्या शेडमध्ये त्याने जुना मायफोर्ड लेथ घेऊन ठेवलाय. शनिवार-रविवार तो जुन्या हॉर्नबी खेळण्यातल्या आगगाड्यांची चाकं बनवतो. त्याचा प्रश्न सरळ होता, "दादा, ऑर्डरी इतक्या येतात की वेळ पुरत नाही. नोकरी सोडू का?"

मी म्हटलं, "एका सेटमागे तुला ताशी किती सुटतात?"

पलीकडे शांतता!

आधी मागणी खरी आहे का, ते बघू

फ्रँक हॉर्नबी यांच्या लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९२० मध्ये चावीच्या गाड्या बाजारात आणल्या. 'ओ गेज', म्हणजे दोन रुळांमधलं अंतर ३२ मिलिमीटर. त्यांचा बिन्स रोडचा कारखाना १९७९ मध्ये बंद झाला. हॉर्नबी हे नाव आजही चालू आहे, पण त्या जुन्या गाड्या लोकांच्या माळ्यावर, ट्रंकेत पडून आहेत.

आणि त्यांची चाकं फुटतात. का? दुसऱ्या महायुद्धाआधीची बरीच चाकं जस्ताच्या मिश्रधातूची, साच्यात ओतलेली. त्यात शिशासारखी अशुद्धता थोडी जरी राहिली, तरी धातू आतून गंजत जातो. आधी फुगतो, मग भेगा पडतात, शेवटी बोटांत चुरा होतो. इंग्लंडमध्ये याला 'मझॅक रॉट' म्हणतात. यावर औषध नाही. नवीन चाक बनवणं, हाच उपाय.

म्हणजे मागणी खरी आहे. आजोबांची गाडी नातवाला फिरवून दाखवायची असते, त्यामुळे गिऱ्हाईक भावनेने येतं. आणि अशा गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणणं सगळ्यात अवघड.

काम दिसतं तेवढं सोपं नाही

१. नमुना खोटं बोलतो. गिऱ्हाईक जुनं चाक पाठवतं, पण ते फुगलेलं असतं! आपल्या मित्राने पहिला सेट त्याच मापाने केला आणि चारही चाकं भंगारात गेली. आता तो एक्सल, रूळ, गिअर आणि एखादं शाबूत चाक मिळालं तर त्यावरून माप घेतो.

२. चाकं एकसारखी हवीत. बार चकमध्ये धरायचा, तोंड साफ करायचं, भोक पाडून रीमर मारायचा आणि त्याच सेटिंगमध्ये चाकाचा बाहेरचा घेर व कडा काढायची. मध्येच जॉब काढून परत धरला की भोक मध्यावर राहत नाही आणि गाडी लंगडते.

३. इंजिनाच्या चाकांना जोडणारा दांडा असेल तर डाव्या आणि उजव्या बाजूच्या पिनांमध्ये ९० अंशांचा फरक ठेवतात. हा फरक दोन्ही एक्सलवर तंतोतंत सारखा नसेल तर दांडा अडकतो. त्यासाठी जिग बनवावी लागते. तिचा वेळ बिलात कोण धरतो? कुणीच नाही!

आता कागद-पेन घ्या

त्याने दिलेले आकडे असे : चार चाकांचा सेट ३० पौंडाला. माल, टूलची झीज आणि पोस्ट मिळून १० पौंड. उरले २० पौंड.

वेळ? लेथवर दीड तास. बस, एवढाच त्याने धरला होता. मी बाकीचं लिहायला लावलं. मापं आणि मेसेज एक तास, टूल घासणं आणि सेटिंग अर्धा तास, पॅकिंग-पोस्ट अर्धा तास, बिघडलेलं परत करणं सरासरी अर्धा तास. एकूण चार तास. म्हणजे ताशी ५ पौंड.

ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ पासून २१ वर्षं आणि त्यावरच्या कामगाराचं किमान वेतन ताशी १२.२१ पौंड होतं. आपला मित्र स्वतःलाच त्याच्या निम्म्याहून कमी पगार देत होता!

हसू नका. मीही हेच केलंय. बीबीएला कॉस्टिंगमध्ये मला चांगले मार्क होते. तरी दुकानामागे लेथ टाकला तेव्हा पंपाच्या शाफ्टची कामं 'बाजारात चालतो तो रेट' म्हणून घेतली. वर्षभर मशीन थांबलं नाही, आणि दिवाळीला टर्नरचा बोनस द्यायला मी बायकोकडे पैसे मागितले.

मग काय ठरलं?

नोकरी सोडायची नाही. वारंवार मागणी येणारी तीनच मापं निवडायची आणि एका वेळी दहा सेट काढायचे. सेटिंग एकदाच, जिग एकदाच. त्याच्या अंदाजाने मग एका सेटला दीड तास पुरतो. त्याच ३० पौंडांत ताशी १३ च्या वर सुटतात. वेगळं माप हवं असेल तर वेगळा रेट आणि आधी ॲडव्हान्स. तीन महिने प्रत्येक तास वहीत लिहायचा, मग परत बोलायचं.

यावर तो म्हणाला, "पण दादा, एकच चाक चाळीस वेळा केलं तर मजा कुठं राहिली?"

खरं सांगतो, याचं उत्तर माझ्या हिशोबात नव्हतं. मी एवढंच म्हटलं की महिन्यातला एक शनिवार छंदासाठी ठेव. त्या दिवशी आवडेल ते काम कर, पैसे मिळोत न मिळोत. फक्त त्या शनिवाराला धंदा म्हणू नकोस.

तुमचा गृहपाठ : शेवटची पाच कामं काढा. प्रत्येकासमोर फोन, माप, फेऱ्या धरून खरे तास लिहा. उरलेल्या पैशांना त्या तासांनी भागा. आलेला आकडा तुमच्या कामगाराच्या पगारापेक्षा कमी असेल, तर नवीन ऑर्डर घेण्याआधी रेट बदला.

भेटू पुढच्या व्हिडिओत. वही घेऊन बसा!