अर्धांगवायूच्या झटक्यात आधी सीटी स्कॅन का?

तोंड वाकडे झाले, एका हातातली ताकद गेली, बोलणे अडखळू लागले, की आधी घड्याळ पाहावे. लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता येते. पण त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन लागतोच.

कारण झटके दोन प्रकारचे. एकात गुठळीने रक्तपुरवठा थांबतो, दुसऱ्यात रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. बाहेरून दोन्ही सारखेच. रक्तस्राव असताना ते इंजेक्शन दिले तर जिवावर बेतते. घरच्या घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नये, तेही याचसाठी.

सीटी यंत्रात एक्स-रे नळी डोक्याभोवती फिरते आणि मेंदूचे आडवे छेद पडद्यावर उमटतात. ताजे रक्त त्यात पांढरे दिसते; काही मिनिटांत फरक कळतो. गुठळीच्या झटक्यात मात्र सुरुवातीच्या तासांत स्कॅन जवळजवळ नॉर्मल दिसू शकतो. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणत रुग्णाला घरी नेणे धोक्याचे.

रायगडच्या किनाऱ्यावर यातला बराच वेळ रस्त्यातच सरतो. मुरूड ते अलिबाग सुमारे ५० किलोमीटर. श्रीवर्धनहून अलिबाग गाठायचे तर दिघी-आगरदांडा फेरीबोटीची वेळ पाहा, नाहीतर खाडीला वळसा घाला. म्हणून रुग्ण शुद्धीवर असेल, श्वास नीट चालत असेल, तर सीटी रात्रीही सुरू असलेले रुग्णालय गाठावे. १०८ला फोन करतानाच ते विचारून घ्यावे. झोपेतून उठल्यावर लक्षणे दिसली, तर रुग्ण शेवटचा ठणठणीत केव्हा होता, ती वेळ डॉक्टरांना सांगावी.