घरातील आमरी आणि श्रावकाची यतना

विवाहाचा मांडव असो, नव्या पेढीचे उद्घाटन असो वा तपस्व्यांचा सत्कार. जांभळ्या-पांढऱ्या, मेणात घडवल्यासारख्या फुलांचे गुच्छ आता सर्वत्र दिसतात. ही ऑर्किडची फुले. मराठीत या कुळाला आमरी म्हणतात. कापलेला गुच्छ आठ-पंधरा दिवसांत कोमेजतो. परंतु फॅलेनॉप्सिस या जातीची फुले झाडावरच राहू दिली, तर दोन ते तीन महिने टिकतात. ज्या समाजात पान तोडतानाही विचार करावा अशी शिकवण आहे, त्याने गुच्छाऐवजी कुंडी भेट देण्याची प्रथा खरे तर केव्हाच स्वीकारायला हवी होती. अडचण एवढीच, की घरी आलेल्या कुंडीचे पुढे काय करावे हे फार थोड्यांना ठाऊक असते. फुले गळाली की झाड संपले असे समजून ते टाकून दिले जाते. वस्तुतः नीट सांभाळलेली आमरी अनेक वर्षे जगते आणि पुन्हा पुन्हा फुलते.

आमरीच्या २५,००० हून अधिक जाती आहेत. उष्ण प्रदेशातील बहुसंख्य जाती मोठ्या वृक्षांच्या खोडांवर वाढतात. त्यामुळे पुष्कळ लोक त्यांना बांडगूळ समजतात. हा त्यांच्यावर अन्याय आहे. बांडगूळ वृक्षाच्या आत मुळे घुसवून त्याचा रस शोषते. आमरी वृक्षाकडून केवळ आधार घेते. पावसाचे पाणी, हवेतील ओलावा आणि सालीवर साचलेला पालापाचोळा एवढ्यावर तिचे चालते. फुलाला पीडा न देता मध घेणाऱ्या भ्रमराची उपमा दशवैकालिक सूत्राच्या पहिल्याच अध्ययनात साधूच्या भिक्षेला दिली आहे. वनस्पतिसृष्टीत त्या वृत्तीच्या जवळ जाणारे कोणी शोधायचे झाले, तर आमरीचे नाव घ्यावे लागेल.

तिची ही जीवनपद्धती लक्षात घेतली की निगा राखणे सोपे होते. तिच्या मुळांवर वेलामेन नावाचे टिपकागदासारखे आवरण असते. ते पाणी झटकन शोषते आणि नंतर त्याला वारा लागतो. मातीत ही मुळे गुदमरून कुजतात. म्हणून कुंडीत माती नको. लाकडी कोळशाचे तुकडे, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे घालावेत. सोडण आधी दोन-तीन वेळा पाणी बदलून भिजवून घ्यावे, म्हणजे त्यातील क्षार निघून जातात.

आमरी पाण्यावाचून क्वचित, पाण्याच्या अतिरेकाने मात्र नेहमी मरते. पाणी केव्हा द्यायचे हे मुळेच सांगतात. कोरडी मुळे चांदीसारखी करडी दिसतात, भिजलेली हिरवी होतात. करडी झाल्यावरच पाणी द्यावे आणि ते सकाळी द्यावे. सायंकाळी दिलेले पाणी फॅलेनॉप्सिसच्या पानांच्या बेचक्यात रात्रभर साचते व शेंडा कुजतो. आपल्या घरी पाणी गाळून घेण्याची रीत आहेच. मात्र गाळण्याने पाण्यातील क्षार जात नाहीत. कूपनलिकेच्या जड पाण्याने मुळांवर पांढरा थर चढू लागला, तर साठवलेले पावसाचे पाणी वापरणे उत्तम. आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी तर मुळीच वापरू नये, त्यात क्षार अधिकच असतात.

बागकामाच्या परदेशी पुस्तकांत आर्द्रतेसाठी कुंडीखाली पाण्याची थाळी ठेवण्याचा सल्ला असतो. आपल्या हवेत त्या थाळीत आठवड्याभरात डासांची उत्पत्ती होते. जीवोत्पत्ती होऊ द्यायची आणि मग तिच्या नाशाचे उपाय शोधायचे, हा मार्ग श्रावकाचा नव्हे. चार-पाच कुंड्या एकत्र ठेवाव्यात, शेजारी नेचे ठेवावे, उन्हाळ्यात जवळ ओले गोणपाट टांगावे, तेवढे पुरते. चातुर्मासात कुंड्या थेट पावसात न ठेवता पत्र्याखाली, वाहत्या हवेत ठेवाव्यात. दोन पाण्यांमध्ये कुंडी सुकू दिली तर तिच्यावर शेवाळही सहसा धरत नाही. शेवाळ अनंतकाय मानले जाते, ही गोष्ट घरातील ज्येष्ठांना वेगळी सांगायला नको.

जातीची निवड गावाच्या हवेनुसार करावी. फॅलेनॉप्सिसला कळीचा दांडा फुटण्यासाठी काही आठवडे रात्रीचा गारवा, साधारण अठरा-वीस अंशांचा, लागतो. पुणे, नाशिक, कोल्हापूर येथे हिवाळ्यात तो सहज मिळतो; मुंबईत तेवढी थंडी पडेलच असे नाही. तिला पूर्वेची खिडकी मानवते, कडक ऊन मुळीच नाही. मुंबई व कोकणपट्टीसाठी डेंड्रोबियम अधिक भरवशाचे. त्याला ५० टक्के सावलीच्या जाळीखालचा लख्ख उजेड हवा. त्याच्या पाने गळालेल्या जुन्या कांड्या वाळक्या वाटून छाटू नयेत. त्यांत नव्या फुटव्यासाठी अन्न-पाणी साठवलेले असते. वांडाची मुळे रिकाम्या टोपलीतून अधांतरी लोंबत ठेवतात आणि उन्हाळ्यात रोज भिजवतात. पेढीच्या कामामुळे वारंवार बाहेरगावी जावे लागणाऱ्यांनी तिच्या वाटेला न गेलेलेच बरे.

आता कळीचा प्रश्न किडींचा. पिठ्या ढेकूण, खवले कीड, मावा आणि पावसाळ्यात गोगलगाई आमरीवर येतात. दुकानदार लगेच फवारणीची बाटली पुढे करतो. ती 'जैविक' असल्याचेही सांगतो. जैविक म्हणजे अहिंसक, असा समज करून घेऊ नये. निंबोळी तेलानेही कीटक मरतातच. मुद्दाम केलेली फवारणी संकल्पी हिंसेत मोडते, की घरगुती व्यवहारातील आरंभी हिंसेत, याचा निर्णय ज्याने त्याने गुरुजनांना विचारून करावा. मात्र तो प्रश्न उद्भवूच नये इतकी सावधगिरी निश्चित बाळगता येते. नवे झाड पहिले तीन आठवडे इतर झाडांपासून दूर ठेवावे. पानांची मागची बाजू व कांड्यांवरील सुके आवरण दर आठवड्याला पाहावे. मुंग्या गोड चिकट स्रावासाठी पिठ्या ढेकणांची जणू राखण करतात. म्हणून कुंड्या भिंतीला वा एकमेकींना टेकू न देता तारेने टांगाव्यात, म्हणजे मुंग्यांची वाट अवघड होते. नत्रयुक्त खत अधिक दिल्याने येणारी लुसलुशीत पालवी किडींना फार आवडते, तेव्हा त्यातही संयम हवा. गोगलगाय अलगद उचलून कुंपणाच्या ओलसर झुडपात सोडावी. पिठ्या ढेकूण एक-दोनच असतील तर ते पान मऊ कुंचल्याने जपून स्वच्छ करता येते. असे हलवलेले जीव सगळेच जगतील असे नाही, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. म्हणूनच दर आठवड्याच्या पाहणीचे मोल फवारणीच्या बाटलीपेक्षा अधिक आहे.

खताच्या पिशवीवरील बारीक अक्षरे अवश्य वाचावीत. हाडांचा चुरा, रक्ताची भुकटी, माशांचे द्रव खत हे घटक बागेच्या खतांत सर्रास असतात. त्याऐवजी पाण्यात विरघळणारे १९:१९:१९ हे खत, लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा दिले तरी काम भागते.

झाड कोठून आले, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. षट्लेश्यांचे चित्र आपण मंदिरांतून पाहिले आहे : जांभळासाठी वृक्ष मुळापासून तोडू पाहणारा कृष्ण लेश्येचा, तर खाली पडलेलीच फळे वेचणारा शुक्ल लेश्येचा. यातील पहिला पुरुष ऑर्किडच्या इतिहासात प्रत्यक्ष भेटतो. अल्बर्ट मिलिकन या इंग्रज संग्राहकाने १८९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवर्णनात कोलंबियाच्या जंगलातील हकिकत दिली आहे. सुमारे दहा हजार रोपे मिळवण्यासाठी तेथे चार हजार वृक्ष तोडले गेले. आज त्याची गरजच उरलेली नाही. आमरीचे बी धुळीइतके सूक्ष्म असते, त्यात अन्नसाठा जवळजवळ नसतो. निसर्गात ते विशिष्ट बुरशीच्या साहाय्यानेच रुजते. अमेरिकी शास्त्रज्ञ लुइस नडसन यांनी १९२२ मध्ये साखर व क्षार घातलेल्या माध्यमावर, बुरशीविना, ते रुजवून दाखवले आणि बाटलीत रोपे वाढवण्याचा मार्ग खुला झाला. रोपवाटिकेतील फॅलेनॉप्सिस आज अशाच प्रयोगशाळांतून येते.

तरीही घाटरस्त्यांवर, आठवडी बाजारांत झाडांवरून ओरबाडलेल्या आमरी विकायला येतात. भारतातील निळा वांडा, तांबडा वांडा व 'लेडीज स्लिपर' गटातील आमरींना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि संपूर्ण आमरी कुळाचा आंतरराष्ट्रीय व्यापार 'साइट्स' कराराने नियंत्रित होतो. आपल्याकडे श्रावकाला वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांत वनकर्माची गणना आहे. विकत घेणाराही त्या व्यापाराचा भागीदारच ठरतो. म्हणून रोपवाटिकेचे बिल मागावे. आपल्या व्यापारी घरांना बिलाचे महत्त्व पटवून देण्याची गरज नाही.

गावी वाडा व अंगणात जुना आंबा असेल, तर रोपवाटिकेतून आणलेली सीतेची वेणी, म्हणजे ऱ्हिंकोस्टायलिस, त्याच्या खोडावर बांधून पाहावी. पहिल्या सरी पडल्यावर, सकाळचे ऊन मिळेल अशा बाजूला, खोडावर थोडे सोडण ठेवून सुती दोरीने ती सैलसर पण हलणार नाही अशी बांधावी. नायलॉनची दोरी मुळांना काचते. सुती दोरी वर्ष-दीड वर्षात कुजून गळून पडते. तोवर मुळांनी साल घट्ट धरलेली असते. झाड रुळले की वैशाख-ज्येष्ठात फिकट गुलाबी फुलांचे हातभर तुरे खाली लोंबतात.