सफरचंदाची बी कुणाचं ऐकत नाही

सफरचंद आडवं कापलं की मधोमध पाच टोकांची चांदणी दिसते आणि तिच्या खणांत गुळगुळीत, तपकिरी बिया. त्यांतली एखादी पेरून तेच सफरचंद मिळेल, असं मानणारा फसतो. सफरचंदाच्या बहुतेक जातींना स्वतःचेच परागकण चालत नाहीत, दुसऱ्या जातीचे लागतात. म्हणून तर हिमाचलचे बागायतदार बहराच्या दिवसांत परक्या जातीच्या फुललेल्या फांद्या पाण्याच्या पिशवीत खोचून डेलिशसच्या झाडांवर टांगतात. फळ झाडाच्याच वळणाचं येतं, आतल्या बीचा निम्मा वारसा मात्र परका असतो. हापूसची कोय रुजवली तर रायवळ उगवतो, हे कोकणात पोरासोरांनाही ठाऊक असतं. तीच गत इथे.

तेव्हा सफरचंदाची ‘जात’ म्हणजे खरं तर एकच झाड. डेलिशसचं मूळ रोप एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या आयोवा राज्यात जेसी हायट यांच्या बागेत आपसूक उगवलं. नको म्हणून त्यांनी ते छाटलं, तरी पुन्हा फुटलं, असं सांगतात. त्याच्याच काड्या खुंटांवर बांधत बांधत ती जात पसरली, आणि 1916च्या सुमारास हिमाचलात स्थायिक झालेले अमेरिकन सॅम्युअल स्टोक्स यांनी ती शिमल्याजवळच्या कोटगढला आणली. शिमल्याच्या डोंगरउतारांवरची लाखो डेलिशस झाडं ही त्या एका झाडाचीच लांबलेली फांदी आहे.

यात बिघडलं काय, असं कुणी विचारेल. कलमाची विद्या दोन हजार वर्षांहून जुनी आहे, आणि बीपासूनची बहुतेक फळं आंबट-तुरटच निघतात. गिऱ्हाईक ती घेणार नाही, हे अगदी खरं. पण झाड जागच्या जागी थांबलं म्हणून बुरशी थांबत नाही. स्कॅब या सफरचंदाच्या रोगाची बुरशी दर हिवाळ्यात गळलेल्या पानांत संकर करते आणि वसंतात नव्या जुळणीचे बीजाणू सोडते. झाड शंभर वर्षांपूर्वीचं, शत्रू यंदाचा. 1983मध्ये हिमाचलात स्कॅबची मोठी साथ आली ती याच एकसुरी बागांत. डेलिशसमध्येही अधूनमधून एखाद्या फांदीत उत्परिवर्तन होतं, हा आक्षेप बरोबर आहे. पण अशा फांद्या निवडल्या जातात त्या मुख्यतः गडद लाल रंगासाठी किंवा झाड बुटकं राहावं म्हणून. भिंतीला नवा रंग दिला म्हणून दाराची कडी मजबूत होत नाही.

स्कॅबला दाद न देणारं जनुक सापडलं ते शोभेच्या एका रानटी सफरचंदात, ‘मॅलस फ्लोरिबुंडा’त. संकर करत करत त्यापासून खाण्याजोगी ‘प्रिमा’ जात बाजारात यायला 1970 उजाडलं, कारण बीपासूनचं रोप फळायलाच पाच-सात वर्षं घेतं. पुढे युरोपात या जनुकालाही चकवणारे बुरशीचे वाण निघाले. आता जनुक-संपादनानं काम झटपट होईल म्हणतात. होईलही, पण बसवायचं जनुक आधी कुठेतरी असावं लागतं. ते असण्याची शक्यता सर्वांत जास्त कझाकस्तानात, तिएन शान पर्वताच्या उतारांवर, जिथे आपल्या सफरचंदाचा पूर्वज ‘मॅलस सिवेर्सी’ अजून रानात वाढतो. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांनी 1929मध्ये अल्माटीजवळची ती राई पाहिली आणि सफरचंदाचं माहेर हेच, असं ओळखलं. शहर वाढत गेलं तशी ती राई आक्रसली. तिथून गोळा केलेल्या बियांची झाडं न्यूयॉर्क राज्यातल्या जिनीव्हाच्या सरकारी संग्रहात रांगेनं उभी आहेत: एकाला चेरीएवढी फळं, शेजारच्याला चांगली मुठीएवढी, आणि बरीचशी तोंडात धरवत नाहीत इतकी तुरट.