परदेशी जायचंय? जुना खटला लपवू नका

परदेशात नोकरी मिळाली की घरात पेढे वाटले जातात. डिग्रीची सर्टिफिकेटे, बँकेचे कागद, मेडिकल अशी धावपळ सुरू होते. मग अर्जात एक प्रश्न समोर येतो, 'आपल्याला कधी अटक किंवा शिक्षा झाली आहे का?'

बहुतेकांना या प्रश्नापाशी थांबावे लागत नाही. पण कॉलेजातली मारामारी, दारू पिऊन गाडी चालवल्याचा खटला किंवा सुनेने सासरच्या सगळ्यांवर केलेली फिर्याद मागे असेल, तर तोंडचे पाणी पळते. अशा वेळी एखादा एजंट सांगतो, "सरळ 'नाही' लिहा, कोण बघतंय?" हाच सल्ला सर्वात महागात पडतो.

दंड भरला म्हणजे संपले का?

किरकोळ खटल्यात हेलपाटे आणि वकिलाची फी वाचावी म्हणून अनेकजण गुन्हा कबूल करून दंड भरतात आणि तो विषय विसरून जातात. पण कायद्याच्या दृष्टीने ते दोषी ठरलेले असतात. भले एक दिवसही तुरुंगात काढावा लागला नसेल!

परदेशी सरकार 'आपल्याकडे हा गुन्हा किती गंभीर?' हेही पाहते. कॅनडाचेच उदाहरण घ्या. तिथे 18 डिसेंबर 2018पासून दारू पिऊन गाडी चालवण्याची कमाल शिक्षा 10 वर्षे झाली आणि हा गुन्हा गंभीर वर्गात गेला. त्यामुळे त्यानंतर इथे अशा खटल्यात दंड भरलेला माणूसही तिथे प्रवेशास अपात्र ठरू शकतो.

आधी पासपोर्ट

व्हिसाच्या आधी प्रश्न येतो पासपोर्टचा. 1967च्या पासपोर्ट कायद्यानुसार फौजदारी कोर्टात खटला प्रलंबित असेल, तर पासपोर्ट नाकारता येतो. मात्र 1993च्या अधिसूचनेने यातून वाट ठेवली आहे. त्याच कोर्टाकडून परदेशी जाण्याची परवानगी आणली, तर कोर्टाने ठरवलेल्या मुदतीचा पासपोर्ट मिळतो. आदेशात मुदत लिहिली नसेल, तर तो साधारणपणे एक वर्षाचा असतो. नुसती पोलिसांत फिर्याद नोंदली गेली म्हणजे खटला प्रलंबित असे नव्हे. कोर्टाने तिची दखल घेतलेली असावी लागते, असे परराष्ट्र मंत्रालयाने 2019 साली स्पष्ट केले आहे.

त्यानंतर लागते पीसीसी, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट. व्हिसासाठीचे हे सर्टिफिकेट पासपोर्ट कार्यालयाकडून मिळते. नोकरीसाठी स्थानिक पोलीस देतात तो चारित्र्य पडताळणीचा दाखला वेगळा. मधल्या काळात दुबई-मस्कतला राहिला असाल, तर तिथल्या पोलिसांचे सर्टिफिकेटही मागितले जाऊ शकते.

दार कायमचे बंद होते का?

नाही. प्रत्येक देशाचे नियम वेगळे आहेत. ऑस्ट्रेलियात एकूण 12 महिने किंवा त्याहून अधिक कैदेची शिक्षा झालेला अर्जदार चारित्र्याच्या कसोटीत नापास होतो. पण त्याहून कमी शिक्षा असेल, तर बाकीचे वर्तनही पाहिले जाते. कॅनडात शिक्षा पूर्ण होऊन 5 वर्षे झाली की, 'आता मी सुधारलो आहे' हे दाखवून अपात्रता दूर करण्यासाठी अर्ज करता येतो. दंडाच्या बाबतीत ही वर्षे दंड भरल्या दिवसापासून मोजतात. म्हणून पावती जपून ठेवावी.

खोटे बोलण्याची किंमत

जुना गुन्हा कदाचित माफ होईल, पण लपवाछपवी सहसा होत नाही. खोटी माहिती दिल्याचे उघड झाले, तर कॅनडात 5 वर्षे आणि ऑस्ट्रेलियात बहुतेक व्हिसांसाठी 3 वर्षे मार्ग बंद होतो. ब्रिटनमध्ये अशा फसवणुकीबद्दल 10 वर्षांपर्यंत प्रवेश नाकारला जाऊ शकतो. आपल्याकडेही पासपोर्टच्या अर्जात माहिती दडवली, तर पासपोर्ट जप्त होऊ शकतो आणि 2 वर्षांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. ज्या किरकोळ प्रकरणाची लाज वाटत होती, त्यापेक्षा हे नवे प्रकरण मोठे होऊन बसते.

काय करावे?

• खटला झाला असेल, तर निकालाची प्रमाणित नक्कल काढून ठेवा. जुनी कागदपत्रे ठरावीक मुदतीनंतर कोर्टात नष्ट केली जातात.

• प्रश्न नीट वाचा. अमेरिकेच्या व्हिसा अर्जात अटकेबद्दलही विचारतात. तिथे निर्दोष सुटलेल्यानेही 'होय' लिहून सुटकेचा निकाल जोडायचा असतो.

• तडजोड झाली असेल, तर खटला रीतसर निकाली काढून घ्या किंवा तो रद्द करण्यासाठी वकिलामार्फत उच्च न्यायालयात जा. घरात समेट झाला, तरी कोर्टातली फाईल आपोआप बंद होत नाही.

• घटना, तारीख, निकाल आणि त्यानंतरचे आपले वर्तन साध्या शब्दांत लिहून द्या. रडगाणे नको, सबबीही नकोत.

• एजंटने भरलेला अर्ज स्वतः वाचल्याशिवाय सही करू नका. जबाबदारी सही करणाऱ्याची असते.

आणखी एक गोष्ट, लग्नाआधी किंवा निदान अर्ज भरण्याआधी, जोडीदाराला खरे सांगून टाका. कॅनडासारख्या देशात कायम वास्तव्यासाठी पती, पत्नी आणि मुले एकत्र अर्ज करतात आणि एकाच्या अपात्रतेमुळे सगळ्यांचा अर्ज अडू शकतो. आपला भूतकाळ बायकोला व्हिसा अधिकाऱ्याच्या पत्रातून कळावा, यापेक्षा तो आपल्या तोंडून कळलेला बरा.