स्पर्धा आणि शेजारधर्म

परीक्षेचा निकाल लागला म्हणजे आपल्या घराघरांतून एक प्रश्न हमखास ऐकू येतो: ‘शेजारच्या मुलाला किती गुण मिळाले?’ विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण त्या एका प्रश्नाने मुलाच्या कोवळ्या मनात हेव्याचे बी पडते. स्पर्धा आली की मत्सर यायचाच, असे आपण गृहीत धरून चालतो. ते खरे नव्हे, हे दाखविणाऱ्या एका उपक्रमाचा परिचय आम्ही आमच्या वाचकांस करून देऊ इच्छितो.

अमेरिकेतील संशोधक श्री. डीन केमन यांनी १९८९ साली ‘फर्स्ट’ नावाची संस्था स्थापन केली. मुलांना खेळाडूंचे जेवढे आकर्षण वाटते, तेवढेच शास्त्राचे व यंत्रविद्येचे वाटावे, हा त्यांचा हेतू. १९९२ साली न्यू हॅम्पशायर राज्यातील मँचेस्टर येथे एका शाळेच्या व्यायामशाळेत २८ संघांची पहिली स्पर्धा झाली. यातील ‘रोबो’ म्हणजे हातपाय असलेला पुतळा नव्हे. चाकांवर धावणारे, चेंडू किंवा तत्सम वस्तू उचलून नेमक्या जागी टाकणारे ते यंत्र होय. दरवर्षी जानेवारीत नवा खेळ जाहीर होतो, आणि काही आठवड्यांत मुलांनी अनुभवी अभियंत्यांच्या मार्गदर्शनाखाली आपले यंत्र सिद्ध करावयाचे असते. कोणी धातू कापतो, कोणी तारा जोडतो, तर कोणी हिशेब ठेवतो.

या स्पर्धेची खरी खुबी तिच्या नियमांत आहे. प्रत्येक सामन्यात तीन संघ एका बाजूस व तीन दुसऱ्या बाजूस असतात, आणि प्राथमिक फेरीत ही वाटणी सामन्यागणिक बदलते. सकाळी ज्याच्याशी झुंजावयाचे, दुपारी त्याच्याच खांद्याला खांदा लावून खेळावे लागते. म्हणून प्रतिस्पर्ध्याचे यंत्र मोडले तर आपला पाना किंवा सुटा भाग त्यास देण्याची तेथे रीतच पडली आहे. या वृत्तीला प्रा. वुडी फ्लॉवर्स यांनी ‘ग्रेशस प्रोफेशनॅलिझम’ हे नाव रूढ केले: आपल्या कामात चोख राहावे, झुंज जिद्दीने द्यावी, परंतु समोरच्याचा मान राखावा. संस्थेचा सर्वोच्च सन्मानदेखील केवळ सामने जिंकणाऱ्या यंत्रास मिळत नाही. इतरांना आदर्श ठरेल असे कार्य करणाऱ्या संघास तो दिला जातो.

पुढे श्री. केमन यांच्याच पुढाकाराने देशोदेशींच्या मुलांसाठी ‘फर्स्ट ग्लोबल’ स्पर्धा सुरू झाली. २०१७ साली ती वॉशिंग्टन येथे भरली, तेव्हा अफगाणिस्तानातील हेरात शहराच्या सहा मुलींना प्रवेशाचा परवाना दोनदा नाकारण्यात आला होता. अखेरच्या घटकेस तो मिळाला, आणि त्यांच्या धैर्याचा रौप्यपदकाने गौरव झाला. २०२० साली करोनाची साथ पसरली, तेव्हा हेरातच्या या मुलींच्या संघाने मोटारीचे भाग वापरून स्वस्त श्वसनयंत्र बनविण्याचा उद्योग आरंभिला. स्पर्धेत कमावलेली विद्या अशी शेजाऱ्याच्या प्राणरक्षणासाठी वळली.

चांगल्या शोमरोनीचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. जखमी वाटसरूस त्याने उचलले, तो त्याच्या गोतावळ्यातला नव्हता; उलट त्या दोन समाजांत वैरच होते. आपला शेजारी कोण, याचे उत्तर प्रभूने या दाखल्यातून दिले. स्पर्धेतील प्रतिपक्षही या व्याख्येबाहेर राहात नाही.

असली यंत्रे महाग असतात, आणि प्रत्येक गावच्या शाळेस ती परवडणार नाहीत, हे आम्ही जाणतो. परंतु त्यांतील शिकवणीस पैसा लागत नाही. आजारपणामुळे शाळा बुडलेल्या सोबत्यास आपली वही द्यावी, न सुटलेले गणित त्यास समजावून सांगावे. याने आपले गुण कमी होत नाहीत, उलट समजावताना आपलेच ज्ञान पक्के होते. आईबापांनो, यंदा निकालाच्या दिवशी शेजारच्या मुलाचे गुण अवश्य विचारा; पण ते त्याचे अभिनंदन करण्यासाठी विचारा, आणि आपल्या मुलासही सोबत न्या.